सहावा नियम

मांजरी,
रविवार, ९ जून २०२४

चि. स्पृहास,
मंदाआत्याचे अनेक उ. आ.

प्रगत गणिताचा वर्ग यंदापासून तुझ्याकडे आला, हे मुख्याध्यापकांच्या पत्राने कळलं. तुझ्याकडून कळलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं, पण तू आज सांगू, उद्या सांगू करत बसली असशील. मला वाईट वाटलेलं नाही. निवृत्तीनंतरही अठरा वर्षं तो वर्ग चालवला, म्हणजे लोकांनी मला पुरेसं सहन केलं. आमोदने कर्वेनगरचं घर सोडून आईला इथे आणलं. आता सकाळी सव्वासातला शाळेत पोचायचं तर आदल्या दिवशीच निघावं लागेल. इथे एका खिडकीतून ऊस दिसतो आणि दुसरीतून समोरच्या बाराव्या मजल्यावरची माणसं. दोघंही बोलत नाहीत.

फोन करू नकोस. कानातल्या यंत्रात तो शिट्टी मारतो आणि मी भलतंच उत्तर देते. आपल्या शाळेतले शिपाई भीमराव इथे दोन इमारती सोडून राहतात. दर शनिवारी वह्यांची पिशवी त्यांच्याबरोबर दे, रविवारी तपासून मी सोमवारी परत पाठवीन. तेवढं काम माझ्याकडे राहू दे. पत्रंही त्याच पिशवीतून येऊ-जाऊ देत.

सोबत नियमांचा कागद आहे. पहिल्याच दिवशी वाचून दाखव आणि पालकांच्या सह्या घे. सव्वासातला दार बंद म्हणजे बंद. खोडरबर वर्गात आणायचा नाही. चुकलेली ओळ एका रेघेने कापायची, खालचं वाचता आलं पाहिजे, कारण माणूस कुठे चुकला हे त्याचं त्यालाच पुन्हा बघावं लागतं. पाचवा नियम तुला जड जाईल. एकच चूक लागोपाठ तीन शनिवार झाली, तर त्या मुलाने वही दुरुस्त करून जमा करायची आणि वर्ग सोडायचा. परत प्रवेश नाही. रडून माझ्या वर्गात कोणी आत आलेलं नाही.

सहावा नियम मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. बाईंचं चुकलं तर जागेवर उभं राहून सांगायचं, त्याला शिक्षा नाही. मी गणित पुन्हा बघते, चुकलं असेल तर फळ्यावर माझ्याच ओळीवर रेघ मारते, ‘बरोबर, बस’ एवढं म्हणते आणि पुढे जाते. इतक्या वर्षांत दोनच मुलं उभी राहिली. तू त्यातली नव्हेस. मी हातचा विसरले तर तूही वहीत तो विसरायचीस.

एक गोष्ट कागदावर नाही, पण त्या खोलीच्या भिंतींनाही पाठ असेल. कशानेही भागण्याआधी ते शून्य तर नाही ना, हे विचारायचं. नववीत हे विसरून तू एक उत्तर गमावलं होतंस आणि नळापाशी जाऊन रडली होतीस. तुझ्या मुलांना आधीच सांग.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो मागायची तुला गरज नाही.

तुझी,
मंदाआत्या

~

कर्वेनगर,
शनिवार, ६ जुलै २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तीन पिशव्या पोचल्या, वह्या लाल होऊन आल्या आणि माझी बावीस मुलं तुला न बघताच घाबरायला लागली आहेत. पहिल्या दिवशी सात सोळाला एका विश्वस्तांचा नातू आला. मी दार उघडलं नाही. त्याची आई काचेतून हातवारे करत होती, मी फळ्याकडे तोंड करून वर्तुळ काढलं, ते बटाट्यासारखं आलं. पालकांच्या ग्रुपवर खोडरबराचा निषेध झाला. एकाने लिहिलं की हे कोणत्या शतकातलं आहे. तू असतीस तर शतक सांगितलं असतंस.

एका मुलीबद्दल मुद्दाम लिहिते. अक्षता नाव, नववीत आहे. वडील मार्केट यार्डात आडत्याकडे कारकून आहेत, आई नाही. स्वारगेटला बस बदलून येते आणि तरी सात दहाला दारात असते. बोलत नाही. पण वही बघ तिची, ओळीखाली ओळ कशी पट्टीने आखल्यासारखी उतरते. ऑक्टोबरात विभागीय परीक्षेला शाळेतून सहाच नावं पाठवायची आहेत. तिचं नाव पहिलं असेल असं मी मनाशी धरून चालले आहे. तिच्या वडिलांनी नियमांच्या कागदावर सही करताना मला विचारलं, की पोरीला हे झेपेल ना. मी म्हटलं, झेपेल, माझा शब्द. असा शब्द द्यायचा नसतो, हे तू म्हणशीलच.

आमोददादाला नमस्कार. तुझा लोभ वह्यांवरच्या लाल शाईइतका सढळ राहू दे.

तुझी,
स्पृहा

~

मांजरी,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

चि. स्पृहास,
अनेक उ. आ.

वह्या पाठवते आहे. मुलं बरी आहेत, दोघं-तिघं आळशी आहेत, त्यांना काय करायचं ते तुला कळतं. तुझ्या त्या अक्षताचं मात्र काही खरं नाही. एका संख्येचा घन तिच्या चौपटीइतका आहे, तर ती संख्या कोणती, हे साधं गणित. दोन्ही बाजूंना त्या संख्येने भागलं की वर्ग चार उरतो, उत्तर दोन किंवा उणे दोन, संपलं. ही बाई मध्येच संख्या शून्य असल्यास म्हणून एक परिच्छेद लिहिते आणि तिसरं उत्तर काढते. मी लाल शाईत विचारलं आहे, की हे शून्य आणलंस कुठून. मागच्या शनिवारीही तिने हेच केलं होतं. अक्षर चांगलं म्हणून डोक्यावर बसवू नकोस.

इथे पाऊस रोजचाच. आमोद मला डबे, चष्मे आणि किल्ल्या कुठे ठेवल्या हे विचारत बसतो, जसं काही मीच त्या लपवते. श्रीनिवासला म्हणावं, या हवेत पहाटे फिरायला जाऊ नकोस, त्याची छाती भरते. माझं ऐकत नाही, तुझं तरी ऐकेल.

नियम सोडू नकोस. बाकी काही सोडलंस तरी चालेल.

तुझी,
मंदाआत्या

~

कर्वेनगर,
शनिवार, २१ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली, तरी तुझ्या पत्रात ते अजून फिरायला जातात. आईला वाचून दाखवलं. आम्ही दोघी हसलो आणि मग तिने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

अक्षताला ऑगस्टअखेरच वर्गातून काढलं. महिनाभर तुला सांगवत नव्हतं. तुझा तिसरा शेरा आला त्याच सोमवारी मी तिला थांबवून घेतलं. मी तेव्हा तुझे शेरे मोजले, तीन भरले. पाचवा नियम तिला पाठ होता. खोडरबर नसतो तसा तिच्याकडे त्या दिवशी रुमालही नव्हता, ओढणीने डोळे पुसले आणि वही दुरुस्त करून आणून देते म्हणाली. नळापाशी गेली नाही, सरळ बसस्टॉपवर गेली. तिचे वडील दुसऱ्या दिवशी आले आणि माझ्या शब्दाची आठवणही न देता, पोरीनं काही उलट उत्तर तर दिलं नाही ना, एवढं विचारून गेले. तुझ्यासारखं कठोर होता आलं याचा आनंद होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही.

परीक्षेला सहा नावं गेली. तिचं त्यात नाही.

माझ्यावरचा तुझा भरवसा आहे तेवढा राहावा.

तुझी,
स्पृहा

~

मांजरी,
रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

प्रिय स्पृहा,

ही चिठ्ठी आईच्या नकळत पिशवीच्या तळाशी ठेवतोय. तू परवा फोनवर त्या मुलीच्या वहीबद्दल सांगत होतीस तेव्हा मी नीट बोललो नाही, कारण आई समोर बसली होती. तिला ऐकू येत नाही, पण चेहरा वाचते.

तू म्हणतेस ते बरोबर असणार. न्यूरोलॉजिस्टकडे जुलैपासून जातोय. रिपोर्टमध्ये विसरण्याच्या आजाराची सुरुवात स्पष्ट आहे. आईला आम्ही वयामुळे होतं एवढंच सांगितलंय. कधी एकदम क्लिअर असते, मला टॅक्सवरून झापते, आणि कधी मामा अजून आहे असं धरून चालते. मला वाटलं होतं गणित शेवटी जाईल.

माझी एकच रिक्वेस्ट आहे. पिशवी बंद करू नकोस. शनिवारी दुपारपासून ती गॅलरीत भीमरावांची वाट बघते. लाल पेनांचा आख्खा बॉक्स आणून ठेवलाय. तू वह्या पाठव, तिला तपासू दे, आणि मुलांना देण्याआधी तू पुन्हा तपास. तिला सांगू नकोस, प्लीज. त्या मुलीचं वाईट वाटतं, पण ती लहान आहे, तिला पुढे खूप चान्स मिळतील. आईला काय मिळणार?

आमोद

~

मांजरी,
रविवार, १५ डिसेंबर २०२४

चि. स्पृहास,
अनेक उ. आ.

तीन आठवडे बघते आहे, तू माझ्याशी कशावरूनही भांडत नाहीस. पूर्वी माझ्या एका शेऱ्यावर चार ओळींची कुरकुर यायची. आता नुसतं वह्या मिळाल्या, तब्येतीला जप. मी काय आजारी आहे का? शिवाय परत आलेल्या वह्यांत माझ्या शेऱ्याखाली मुलांची दुरुस्ती नसते. म्हणजे माझा शेरा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तू मध्ये कुठेतरी तो थांबवतेस.

मी पन्नास वर्षं मुलांच्या वह्या वाचल्या आहेत, गं. कोण काय लपवतंय ते मला उत्तराआधी दिसतं. आमोदला विचारलं तर तो चहा करायला उठला. आता तू तरी उठून पळू नकोस. काय ते लिही.

वाट बघणारी,
मंदाआत्या

~

कर्वेनगर,
शनिवार, २१ डिसेंबर २०२४

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

आत्या म्हणून लिहायला दोनदा बसले आणि जमलं नाही, म्हणून बाई म्हणते. शिक्षकखोलीतल्या कपाटावर कागद ठेवून मी उभी राहून लिहिते आहे. सहाव्या नियमाप्रमाणे.

बाई, तुमचं चुकलं. अक्षताचं शून्य बरोबर होतं. शून्याचा घन शून्य आणि चौपटही शून्य, तिसरं उत्तर आहेच. तिने भागण्याआधी शून्याला विचारलं. तुम्ही आम्हाला जन्मभर जे सांगितलंत ते त्या वर्गात तिने एकटीने केलं, तीन शनिवार केलं, आणि तिन्ही वेळा तुमच्या लाल पेनाने ते चूक ठरवलं.

तुमच्यापेक्षा माझं जास्त चुकलं. तुमच्या शाईखाली काय लिहिलं आहे हे मी वाचलंच नाही. तुम्ही चूक म्हटलं म्हणजे चूक, हे मी नववीपासून धरून चालले आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने वही जमा केली तेव्हा मी ती पहिल्यांदा पान न पान पाहिली. वही सोबत ठेवली आहे. नियमाप्रमाणे तिने दुरुस्ती केली आहे. तिन्ही ठिकाणी आपल्या बरोबर उत्तरावर पट्टीने एकेक सरळ रेघ मारली आहे आणि खाली लिहिलं आहे, चूक समजली.

मी तिच्या घरी जाऊन आले. परत ये म्हटलं. ती म्हणाली, मॅडम, मला गणित येत नाही हे वेळेवर कळलं ते बरंच झालं. मी तिला सांगितलं, की शेरा चुकीचा होता. तिने मान हलवली, पण मी तिची समजूत काढते आहे असंच तिला वाटलं. बाई कशा चुकतील, असं तिने मलाच विचारलं.

आमोददादाने तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. त्याच्यावर रागावू नका. जुलैपासूनच्या तपासण्यांमध्ये काय आलं आहे ते त्यालाच विचारा, आणि आता तो चहा करायला उठला तर उठू देऊ नका. आत्या, मी हे लिहायला नको होतं असं मला प्रत्येक ओळीला वाटतं आहे. पण तू तो नियम शेवटी का ठेवलास हे मला आज कळलं.

शिक्षा नाही असं तूच म्हटलं आहेस, त्या आधारावर,

तुझी,
स्पृहा

~

मांजरी,
रविवार, २९ डिसेंबर २०२४

चि. स्पृहास,
अनेक उ. आ.

बरोबर. बस.

तुझं पत्र वाचलं आणि कोरा कागद घेतला. ते गणित सोडवायला घेतलं. पहिल्यांदा दोनच उत्तरं आली. दुसऱ्यांदा तुझं पत्र शेजारी ठेवून सोडवलं तेव्हा तिसरं दिसलं. समोर असून दिसत नाही हे काय असतं, ते मी मुलांना फार तोऱ्यात विचारत असे. आमोदने मग सगळं सांगितलं. रडला. मी त्याला धीर दिला, म्हणजे उलटंच झालं.

आज भीमरावांना घेऊन रिक्षाने मार्केट यार्डामागे गेले होते. आठवतंय तोवर लिहून ठेवते, म्हणून आल्या आल्या बसले आहे. तिचे वडील खुर्ची पुसायला लागले. पोरगी मला बघून ताडकन उठली. मी तिला खाली बसायला लावलं. म्हटलं, आपल्या वर्गात जो चूक सांगतो तो उभा राहतो आणि आज सांगायची पाळी माझी आहे. ती कॉटच्या कडेला टेकली. मी तिची वही तिच्या मांडीवर उघडली आणि उभ्यानेच सांगितलं, की तीन शनिवार, एकच चूक, आणि ती माझी. मला विसरायचा आजार झाला आहे, हेही सांगितलं. नाहीतर बाई चुकत नाहीत हा हेका तिने सोडलाच नसता. वडील म्हणत होते, जाऊ द्या बाई, तुम्ही आधी बसा. मी बसले नाही.

मग मी तिच्या हातात माझं लाल पेन दिलं. तिने पट्टी मागितली. माझ्या शेऱ्यावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि शेजारी तिन्ही उत्तरं पुन्हा लिहिली. शून्य सगळ्यात आधी. मग हळूच बरोबर म्हणाली, आणि मोठ्या माणसाला पुढचा शब्द कसा म्हणायचा म्हणून अडली. थोड्या वेळाने म्हणाली, बसा, बाई.

मी बसले. आणि मग मला रडू आलं. रडून माझ्या वर्गात कोणी आत आलेलं नाही, असं मी जन्मभर सांगितलं, ते आता सांगता येणार नाही.

शनिवारी येशील का असं विचारलं. तिने वही ठेवून घेतली. नियमांच्या कागदावर परत प्रवेश नाही, या ओळीवर मी रेघ मारून पाठवते आहे. पाचवा नियम मलाही लागू आहे. तीन शनिवार झाले. पिशवी पाठवू नकोस.

परीक्षेचं तिचं एक वर्ष गेलं, ते काही मला भरून देता येत नाही. ते तूही विसरू नकोस.

तुझी,
मंदाआत्या

~

कर्वेनगर,
शनिवार, १८ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

अक्षता आज आली. सात दहाला दारात होती. शेवटच्या बाकावर बसली, पहिल्या बाकावर बोलावलं तरी उठली नाही. गणित सगळं बरोबर सोडवते, पण शून्याची ओळ आली की पेन थांबतं आणि ती वर माझ्याकडे बघते. मी मान हलवली की मग पुढे लिहिते. पूर्वी असं विचारत नव्हती. हे कधी जाईल, जाईल की नाही, मला माहीत नाही. मी प्रत्येक वेळी मान हलवीन, एवढं माझ्या हातात आहे.

पिशवी रिकामी पाठवायला हात धजत नाही, म्हणून आईने केलेल्या तिळाच्या वड्या पाठवते आहे. पुढच्या रविवारी मी स्वतः येते.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
स्पृहा

~

मांजरी,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. स्पृहास,
अनेक उ. आ.

किती शनिवार झाले, वह्यांची पिशवी आली नाही. भीमराव रजेवर आहेत का? मी गॅलरीत बसते, ते हात करून पुढे निघून जातात. लाल पेनं वाळायला लागली. माझ्याकडून काही चुकलं असेल तर सरळ सांग. श्रीनिवासलाही विचारलं, तो काही बोलत नाही.

एक सांगायचं राहिलं. तुझ्या वर्गात अक्षता म्हणून एक मुलगी आहे. मी तिची वही पाहिली आहे. ती भागण्याआधी शून्याला विचारते. असं मूल फार वर्षांनी मिळतं. तिच्याकडे नीट लक्ष दे, आणि कोणी काहीही म्हटलं तरी तिला वर्गातून जाऊ देऊ नकोस.

पिशवीची वाट बघते. लोभ आहे, तो वाढावा.

तुझी,
मंदाआत्या